परत न आलेली माणसे
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज मी आपणांपुढे निराळ्या इतिहासाविषयी बोलणार आहे. ज्या माणसांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, जी एके दिवशी घरातून निघाली आणि परत आलीच नाहीत, त्यांचा हा इतिहास आहे. त्यांच्या मागे राहिलेल्यांनी त्यांचा शोध कसा घ्यावा, आणि त्या शोधात तुमच्याआमच्यासारख्या चार अक्षरे शिकलेल्यांनी कोणता हातभार लावावा, हा या भाषणाचा खरा विषय होय.

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख आपल्यापैकी पुष्कळांना संत्र्यांमुळे व पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे माहीत आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मराठीभाषी भाग मध्यप्रदेशातच राहिला. पुढे २०२३ साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. खाली कपाशीची काळी जमीन, वर सातपुड्याचे साग-मोहाचे रान. खालच्या गावांत कुणबी, तेली, माळी, आणि वर, रानाच्या कडेने, गोंडांच्या वाड्या. पण एके काळी या सर्व मुलखाचा धनी गोंडच होता. देवगडच्या गोंड राजांची सत्ता येथे होती, आणि त्याच घराण्यातील बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास नागपूर शहराचा पाया घातला. ज्यांच्या पूर्वजांनी शहर वसविले, त्यांच्याच वंशजांना पुढे पोटासाठी परमुलखात जावे लागले, हा इतिहासातील एक कटू विरोधाभास आहे.

हा विषय मला सुचला तो पुस्तकांतून नव्हे. मी पेशाने शिक्षक. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गोंड बाई शाळेच्या ओसरीवर येऊन बसली. तिचा नातू आठवीत होता. दिवाळीनंतर तो एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर मजुरीला म्हणून गेला, आणि टोळी परतली तरी हा परतला नव्हता. नियमाप्रमाणे बरेच दिवस गैरहजर राहिल्यामुळे त्याचे नाव मी पटावरून कमी केले होते. शेऱ्याच्या रकान्यात ‘पालक स्थलांतरित’ असे दोन शब्द लिहून मोकळा झालो होतो. वस्तुतः पालक कोठेही गेलेले नव्हते. ती आजीच त्याची पालक होती, आणि ती समोर बसली होती.

ती म्हणाली, “गुरुजी, तुम्ही नाव कापलं. मी कसं कापू?”

मग बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या सासऱ्यांचे आजोबा असेच गेले होते, ‘चहाच्या मुलखात.’ कोणी म्हणे दोन वर्षांत येतील, कोणी म्हणे चांदीचे कडे घेऊन येतील. ते आले नाहीत. त्यांची बायको म्हातारी होऊन मेली, पण कपाळाचे कुंकू तिने पुसले नाही. एकाच घरातून शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन माणसे नाहीशी झाली होती, आणि दोन्ही वेळा कागदाने त्यांची वास्तपुस्त केली नव्हती.

ही माणसे का गेली, हे प्रथम पाहू.

१८५३ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत हा नवा इलाखा निर्माण झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत गावोगावच्या मालगुजारांना जमिनीची मालकी देण्यात आली. जो गोंड जंगल तोडून, राब जाळून कोदो-कुटकी पिकवीत होता, त्याचा हक्क बहुधा कोणत्याच कागदावर चढला नाही. तो कूळ झाला, आणि कुळाचा मजूर झाला. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि मोहफूल, लाकूड, चराई या गोष्टी ज्या काल हक्काच्या होत्या त्या आज गुन्हा ठरल्या. अशा रीतीने घराचे दोन्ही खांब खिळखिळे झाले असतानाच १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा. १८९१ ते १९०१ या दशकात मध्यप्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. घटीचा मोठा भाग मृत्यूंचा होता हे खरे, पण सारे मेले नव्हते. पुष्कळ निघून गेले होते.

ते गेले कोठे? मुख्यतः तीन वाटांनी.

पहिली वाट आसामची. १८३९ साली आसाम कंपनी स्थापन झाली आणि चहाचे मळे वाढू लागले. मळ्यांना मजूर हवे होते, आणि ते मिळविण्यासाठी अरकाटी व सरदार नावाचे दलाल छोटा नागपूर, संताळ परगणा, ओरिसा आणि मध्यप्रांत येथील आदिवासी वस्त्यांतून हिंडू लागले. दुष्काळात त्यांना फारसे हिंडावेही लागले नाही. भुकेनेच त्यांचे काम हलके केले. १८६३ च्या कायद्याने मजुरांची नोंदणी सुरू झाली. परंतु १८६५ च्या कायद्याने करार मोडून पळणाऱ्यास पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्याच्या हाती दिला, आणि हा अधिकार १९०८ पर्यंत टिकला. म्हणजे माणूस घरी परत का आला नाही याचे एक उत्तर कायद्याच्या पुस्तकातच आहे: त्याला येऊ दिले नाही. १९२१ साली सुरमा खोऱ्यातील चरगोला भागातले हजारो मजूर मळे सोडून घराकडे निघाले. चांदपूरला त्यांची वाट अडविली गेली, गुरखा शिपायांचा मार बसला, आणि पटकीने कित्येकांचा अंत झाला. तीन वर्षांच्या नोकरीनंतर मळेवाल्याच्या खर्चाने गावी परतण्याचा हक्क मजुराला मिळाला तो १९३२ च्या कायद्याने. तोपर्यंत पहिली पिढी मातीआड झाली होती. आजही आसामात चहा-जमाती म्हणून जे लोक ओळखले जातात त्यांत गोंड आहेत.

दुसरी वाट समुद्रापलीकडची. १८३४ साली कलकत्त्याहून ‘अॅटलस’ नावाचे जहाज मॉरिशसला पोचले. त्यावरचे छत्तीस मजूर छोटा नागपूरकडचे डोंगरी लोक होते. म्हणजे ज्याला आपण गिरमिट म्हणतो त्या पद्धतीचा आरंभच आदिवासी माणसापासून झाला. पुढे मॉरिशसला सुमारे साडेचार लाख, फिजीला १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर, आणि डचांच्या सुरीनामला १८७३ पासून सुमारे चौतीस हजार हिंदी मजूर गेले. त्यांत बिहार व संयुक्त प्रांताचा भरणा अधिक होता, तरी मध्यप्रांताची माणसेही होती.

तिसरी वाट अनाथालयांची. तिच्याविषयी बोलताना मला जपून बोलले पाहिजे, कारण येथे उपकार आणि वियोग एकमेकांत गुंतलेले आहेत. स्वतः तरुणपणी दुष्काळात आईबाप गमावलेल्या पंडिता रमाबाई १८९७ साली मध्यप्रांताच्या दुष्काळी जिल्ह्यांत आल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन गेल्या. त्यातूनच केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार झाला. छिंदवाड्यास स्वीडनहून आलेल्या लुथरन मिशनऱ्यांचे कार्य होते. इतर पंथांची, आणि आमच्या कॅथलिक मंडळींचीही अनाथालये त्या काळी भरून गेली होती. त्या मुलांचे प्राण वाचले, हे कोणीही नाकारू नये. परंतु प्राण वाचविताना पुष्कळदा मुलाचे जुने नाव, गाव, कूळ ही मागेच राहिली. दुष्काळ ओसरल्यावर एखादी आई जिवंत परतली असेल आणि तिने ‘माझे लेकरू कोठे?’ असे विचारले असेल, तर तिला उत्तर देणारे कोणी उरले होते काय?

आता आपण शोधाकडे वळू. एवढ्या वर्षांनी हा शोध शक्य तरी आहे काय? माझे उत्तर असे, की तो अवघड आहे, पण अशक्य नाही. त्यासाठी दोन दप्तरे एकमेकांसमोर उघडावी लागतात, एक कागदाचे आणि दुसरे कंठाचे.

कागदाचे दप्तर मोठे आहे. परदेशी जाणाऱ्या मजुराला प्रवासाचा जो परवाना मिळे त्यावर त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरील खूण, जिल्हा, ठाणे, गाव आणि जवळच्या नातलगाचे नाव एवढे सारे लिहिलेले असे. मॉरिशसला मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हे कागद जतन केलेले आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची मजुरांची छायाचित्रेही आहेत. फिजीचे परवाने तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि सुरीनामच्या मजुरांची नावनिशी कोणालाही पाहता येईल अशी खुली केलेली आहे. या आधारे कित्येक कुटुंबांनी आपली मूळ गावे शोधून काढली आहेत. आसामच्या मजुरांचे कागद मात्र इतके व्यवस्थित एका ठिकाणी नाहीत.

इकडे आपल्या गावीही कागद आहेत. जमाबंदीच्या वेळची मिसल आहे, अधिकार अभिलेख आहे, गावच्या कोटवाराने ठाण्यात कळविलेली जन्ममृत्यूची नोंद आहे, शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर आहे आणि मिशनची बाप्तिस्म्याची वही आहे. जातीच्या दाखल्यासाठी लोक मिसल शोधतातच. त्याच मिसलीत भाऊ म्हणून ज्याचे नाव एकदा दिसते आणि पुढच्या नोंदीत दिसत नाही, तो कोठे गेला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

पण कागदात एक मोठा दोष आहे. लिहिणारा कारकून एका भाषेचा, सांगणारा दुसऱ्या भाषेचा. गोंडाने आपले नाव सांगावे, बंगाली मुनशीने ते ऐकावे तसे लिहावे, इंग्रज साहेबाने त्याचे तिसरेच रूप करावे. जातीच्या रकान्यात नुसते ‘गोंड’ लिहिले की लिहिणाऱ्याचे काम संपे. आपण उईके आहोत, धुर्वे आहोत, कुमरे आहोत की परतेती, आपण चार देवे की सात देवे, हे कोणी विचारले नाही. आणि गोंडाची खरी ओळख तर तीच! ‘बुधू, बाप मंगलू, जात गोंड’ एवढ्यावरून माणूस शोधणे म्हणजे पानगळीत एक पान शोधणे होय.

येथे दुसरे दप्तर उपयोगी पडते. गोंडांचे परधान हे त्यांचे भाट. ठरलेल्या काळाने, पुष्कळ ठिकाणी तीन वर्षांनी एकदा, परधान आपल्या यजमानांच्या घरी येई, बाना किंवा किंगरी वाजवून बडादेवाला आळवी आणि त्या कुळाची वंशावळ गाऊन दाखवी. कोणाला किती मुले, कोण कोठे नांदते, कोण कोठे गेले, हे त्याला ठाऊक असे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोची कथा प्रथम लिहून घेतली तीही एका परधानाच्या तोंडूनच. हिस्लॉप १८६३ साली नदीत बुडून वारले, आणि १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद प्रसिद्ध केले. म्हणजे विद्वानांना परधानाचे मोल दीडशे वर्षांपूर्वी कळले होते. हरवलेल्या माणसाच्या शोधासाठी त्याच्याकडे जावे, हे मात्र आपल्याला अजून उमगलेले नाही. आज परधानांनी तो व्यवसाय बहुतांशी सोडला आहे. जे वृद्ध उरले आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांचे ऐकून घेणे, लिहून घेणे, हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही. कागद शंभर वर्षे थांबेल, कंठ थांबणार नाही.

श्रोतेहो, हा प्रश्न केवळ आपल्या सातपुड्याचा नाही. कॅनडा देशात शंभराहून अधिक वर्षे तेथील मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून वसतिशाळांत ठेवली जात. अशी सुमारे दीड लाख मुले त्या शाळांतून गेली. शाळा सरकारच्या पैशावर चालत, पण चालविणाऱ्या होत्या ख्रिस्ती धर्मसंस्था, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा कॅथलिकांचा होता. तेथे नेमलेल्या सत्यशोधन व समेट आयोगाने २०१५ साली अहवाल पुरा केला. शाळांत मेलेल्या मुलांची जी नोंद सापडली तीत जवळजवळ एक-तृतीयांश मुलांची नावेच लिहिलेली नव्हती! मूल मेले एवढे लिहिले, पण कोणाचे मूल ते लिहिले नाही. मी हे वाचले तेव्हा माझ्यातल्या कॅथलिकाला लाज वाटली, आणि माझ्यातल्या शिक्षकाला भीती वाटली. कारण ती वही ज्याने लिहिली तोही कोणी माझ्यासारखाच मास्तर असणार, आणि आपण फार मोठे पातक करीत आहोत असे त्याला बहुधा वाटलेही नसेल. त्याने फक्त एक रकाना रिकामा सोडला.

२५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कॅनडातील मास्कवासिस या ठिकाणी जाऊन त्या लोकांची क्षमा मागितली. क्षमा मागणे हा आमच्या धर्माचा पहिला धडा आहे. परंतु क्षमेच्या पाठोपाठ वही उघडून दाखविणे हा दुसरा धडा आहे, आणि तो अधिक कठीण. त्याच देशातील क्वेबेक प्रांताने २०२१ साली एक कायदा केला. दूरच्या वस्त्यांतून आजारी मुलांना रुग्णालयात नेले जाई, आणि पुढे आईबापांना त्यांचा ठावठिकाणा लागत नसे, किंवा मूल वारले एवढाच निरोप येई. ३१ डिसेंबर १९९२ पूर्वी अशा रीतीने संस्थेत दाखल झालेल्या मुलांविषयी रुग्णालयांनी आणि धर्मसंस्थांनीसुद्धा आपल्या नोंदी कुटुंबाला दाखवाव्यात, आणि शोधात सरकारने कुटुंबाला साहाय्य करावे, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. यातील मर्म असे, की शोधाचा भार दुःखी माणसाच्या एकट्याच्या डोक्यावर टाकलेला नाही. ज्याच्याजवळ वही आहे त्यावरच तो टाकला आहे.

आपल्याकडेही कायदे अगदीच नाहीत असे नव्हे. परराज्यात मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा आणि प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे, असे १९७९ च्या कायद्याने सांगितले होते. ते पासबुक मी आजवर एकाही मजुराच्या हाती पाहिले नाही. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार येताच पोलिसांनी गुन्हा नोंदविलाच पाहिजे, आणि चार महिन्यांत मूल न सापडल्यास प्रकरण मानवी व्यापारविरोधी पथकाकडे गेले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या ठाण्याचे काम नव्हे’ असे म्हणून कोणास परत पाठविता येत नाही. हरवलेल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. प्रौढ माणूस नाहीसा झाल्यास ठाण्यात ‘गुमइन्सान’ म्हणून नोंद होते, आणि ती करून घेतलीच पाहिजे. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो मृत झाला असे कायदा धरून चालतो, आणि मग जमिनीचा फेरफार, वारसाहक्क हे प्रश्न उभे राहतात. त्या वेळी पहिल्या तक्रारीचा कागद नसेल तर मागे राहिलेल्या बाईचे हाल कुत्रा खात नाही.

मग आपण काय करावे? फार मोठे काही नव्हे. आदिवासी माणूस ठाण्याची पायरी एकट्याने चढण्यास भितो. त्याच्याबरोबर जावे. अर्ज लिहून द्यावा आणि पोच मागून घ्यावी. अर्जात नुसते ‘जात गोंड’ न लिहिता कूळ, देव, आजोबांचे नाव, आजोळ, वाडीचे जुने नाव, अंगावरचे गोंदण ही सारी माहिती लिहावी. टोळी गावातून निघते तेव्हाच ठेकेदाराचे नाव, गाडीचा क्रमांक आणि जाण्याचे ठिकाण शाळेत किंवा पंचायतीत टिपून ठेवावे. माणूस हरवल्यावर शंभर कागद लिहिण्यापेक्षा तो निघताना एक ओळ लिहिणे सोपे. आणि आम्ही शिक्षकांनी, पाद्र्यांनी, कोटवारांनी, ज्यांच्या हाती वह्या आहेत त्या सर्वांनी, त्या वह्या पोटाशी धरून बसू नये.

त्या आजीबरोबर मी ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी काम झाले नाही. दुसऱ्या खेपेस न्यायालयाच्या आदेशाची प्रत बरोबर नेली, तेव्हा तक्रार नोंदली गेली. तिचा नातू अजून सापडलेला नाही. तो सापडला असता तर या भाषणाचा शेवट गोड झाला असता, हे मी जाणतो. पण जे घडले नाही ते सांगता येत नाही. एवढे मात्र झाले, की तिच्या सासऱ्यांच्या आजोबांचेही नाव आम्ही लिहून घेतले. कूळ, देव, गाव, बायकोचे नाव, तिला आठवले तेवढे सारे. आसामच्या कोणत्या मळ्यावर त्यांची नातवंडे-पणतवंडे आज पाने खुडीत असतील, आणि आपले मूळ गाव कोणते असे कधी एकमेकांना विचारीत असतील, तर इकडच्या बाजूने उत्तर लिहून ठेवलेले असावे.

शाळेच्या रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही. ‘पालक स्थलांतरित’ हे माझे शब्द तेथे तसेच आहेत, आणि ते तसेच राहणेच योग्य. पण त्यांच्यापुढे मी लाल शाईने तारीख घालून सही केली आहे, आणि लिहिले आहे: ‘वरील शेरा चुकीचा. विद्यार्थी बेपत्ता. आजी गावात आहे. शोध चालू.’

प्रत्येक वर्षी जूनमध्ये नवी वही सुरू होते, तेव्हा ती ओळ मी नव्या वहीत उतरवून घेतो.